खोलीचं भाडं आणि बसचा पास एकाच हिशोबात धरा

पुण्यात एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायला बाहेरगावाहून येणाऱ्या मुलामुलींपुढे पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न उभे राहतात. राहायचं कुठे आणि रोज यायचं-जायचं कसं? सरकारदरबारी हे दोन वेगळे विषय आहेत. राहण्याचं समाजकल्याण खातं आणि विद्यापीठ बघतं, जाण्यायेण्याचं पीएमपीएमएल आणि मेट्रो. मुलाच्या खिशात मात्र एकच रक्कम असते. भाडं वाचवायला तो लांब खोली घेतो आणि वाचलेले पैसे तिकिटात घालतो. तिकीट वाचवायला जवळ आला की मेसचं एक वेळचं जेवण सोडतो. माझं म्हणणं असं की भाडं, प्रवास आणि रस्त्यात जाणारा वेळ हा एकच हिशोब आहे. तो जुळवण्याचं काम एकट्या विद्यार्थ्याच्या घरावर टाकून शहराला आणि राज्याला मोकळं होता येणार नाही. त्याबद्दलचे हे मुद्दे.

१. फी हा या शिक्षणातला सर्वांत मोठा खर्च राहिलेला नाही.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगला आहे, त्याचं स्वागतच करायला हवं. पण परभणीच्या एखाद्या मुलीची फी माफ झाली तरी तिला पुण्यात पाऊल ठेवताना डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं, एजंटची दलाली आणि मेसची आगाऊ रक्कम एकदम मोजावी लागते. तिच्या वडिलांना सोसायटीचं पीककर्ज फेडायचं असतं त्याच हंगामात ही रक्कम उभी करायची असते. सार्वजनिक विद्यापीठातल्या अनेक अभ्यासक्रमांत वर्षभराची फी आणि वर्षभराचं भाडं शेजारी मांडून पाहिलं तर भाड्याचा आकडा कितीतरी मोठा निघतो. घरातले लोक ‘पुण्याला पाठवायचं की नाही’ हे ठरवतात ते या आकड्याकडे बघून. आणि मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघून: ती रात्री खोलीवर कशी पोहोचणार.

२. आधी राहायची सोय, मग शिक्षण, हे महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.

राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. जागा दिल्या, इमारतींना पैसा दिला, वेगवेगळ्या समाजांना पुढाकार घ्यायला लावलं. खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात पाठ टेकायला जागा असेल तरच ते शाळेत टिकेल, एवढी साधी गोष्ट त्यांनी धोरण म्हणून स्वीकारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली ठेवणारं वसतिगृह काढलं. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांच्या पुढाकाराने १९५५ साली विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू झाली आणि ग्रामीण भागातल्या गरीब मुलांना ‘कमवा आणि शिका’च्या आधाराने राहता आलं. त्याही आधीच्या पुण्यात वार लावून जेवायची, माधुकरी मागून शिकायची रीत होती. ती सोय कोणत्या जातीतल्या मुलांना मिळत होती आणि कोणत्या जातींना तिचं दारही उघडं नव्हतं, हे लक्षात घेतलं की शाहूंच्या वसतिगृहांचं मोल नीट कळतं.

विद्यापीठं वाढली, अभ्यासक्रम वाढले, पण खाटांची संख्या त्या वेगाने वाढली नाही. म्हणून आजचा पदव्युत्तर विद्यार्थी पुन्हा ओळखीपाळखीवर राहतो. गावातला कोणी आधी आलेला असतो, त्याच्या वसतिगृहाच्या खोलीत तो नाव न लावता झोपतो. वसतिगृहांत अशा मुलांना ‘पॅरासाईट’ म्हणतात. ज्याच्याकडे प्रवेशाची पावती आहे, त्याला राहण्यासाठी चोरासारखं लपावं लागतं, ही माझ्या मते विद्यापीठाच्या शहराला शोभणारी गोष्ट नाही.

३. भत्त्याचा आकडा खऱ्या भाड्याशी जोडा.

सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, ठाणे, नागपूर अशा शहरांसाठी तिची वर्षाची रक्कम ठरली ती अशी: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००, एकूण ६०,०००. आदिवासी विद्यार्थ्यांची स्वयं योजना आणि नंतर आलेली इतर मागासवर्गीयांची सावित्रीबाई फुले आधार योजना याच साच्यात बसवलेल्या आहेत. कल्पना उत्तम आहे. इमारत बांधून होईपर्यंत मुलाने थांबू नये, हा तिचा गाभा आहे.

आता हिशोब करू. निवासाचे २०,००० बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला सुमारे १,६६७ रुपये होतात. या पैशांत पुण्यात खोली सोडाच, पेठेतल्या दाटीवाटीच्या घरात कॉट बेसिसवर खाट मिळणंही कठीण आहे. निर्वाहाचे ८,००० म्हणजे महिन्याला ६६७ रुपये. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, मोबाईल, साबण-तेल आणि प्रवास. पीएमपीएमएलचा सामान्य मासिक पास जून २०२५ पासून १,५०० रुपयांचा आहे. तो वर्षभर काढला तर १८,००० होतात. म्हणजे वर्षाचा बसचा खर्च आणि सरकारने धरलेला वर्षाचा निवासाचा खर्च जवळपास एकाच आकड्यावर येतात. विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो हे खरं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर भत्ता कोणत्या काळाचा आहे, ते दिसतं.

माझ्या तीन मागण्या आहेत. निवासाची रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढावी, त्यासाठी मोर्चा काढावा लागू नये. प्रवास हा वेगळा रकाना असावा. आणि पहिला हप्ता प्रवेश पक्का होताच खात्यात जमा व्हावा. डिपॉझिट जुलै-ऑगस्टमध्ये भरावं लागतं. मार्चमध्ये आलेल्या पैशाने फार तर त्यासाठी काढलेलं कर्ज फिटतं.

४. प्रवेशाची यादी आणि वसतिगृहाची यादी यांच्यामध्ये मूल रस्त्यावर असतं.

आधी प्रवेश, मग कागदपत्रं, मग वसतिगृहाचा अर्ज, मग गुणवत्ता यादी, मग प्रतीक्षा यादी. तोपर्यंत तास सुरू झालेले असतात. या मधल्या काळात मुलाला काहीतरी घ्यावंच लागतं. तो घाईत अकरा महिन्यांचा करार करतो, दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट अडकवतो, आणि नंतर वसतिगृहात नंबर लागला तरी मालक पैसे परत देत नाही म्हणून तिथेच राहतो. पदव्युत्तर शिक्षणाची नवी रचना हे आणखी अवघड करणार आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना आता एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळू शकते. एका वर्षासाठी आलेल्या विद्यार्थ्याचे दोन महिने खोली शोधण्यात गेले आणि एका महिन्याचं भाडं दलालीत गेलं, तर त्याने शिकायचं कधी?

उपाय अवघड नाही. विद्यापीठाने आणि मोठ्या महाविद्यालयांनी पहिल्या महिन्यासाठी तात्पुरत्या खाटा ठेवाव्यात: सभागृह, अतिथीगृह, जुन्या विद्यार्थ्यांनी रिकाम्या केलेल्या खोल्या. माफक दर, ओळखपत्रावर प्रवेश, महिना झाला की सोडायचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर चारशे एकरांहून मोठा आहे. एवढ्या जागेत महिनाभरासाठी गाद्या टाकता येत नाहीत, हे मला पटत नाही.

५. करार नोंदवलेला असलाच पाहिजे. सर्वांत जास्त घसरगुंडी इथे होते, म्हणून थोडं सविस्तर.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा लिव्ह अँड लायसन्सवर देताना करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर दंडाची आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरूने सांगितलेल्या अटी, उलट काही सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये, आणि नोंदणी घरबसल्या होते. खर्च मोठा नाही, त्रासही नाही.

तरीही कॉट बेसिसवरच्या बहुतेक मुलांच्या हातात कागद नसतो. एका खोलीत चार खाटा, चौघांकडून रोख किंवा मोबाईलवरून पैसे, पावती नाही. त्या कागदावाचून काय अडतं? भत्त्याच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, तो नाही. बँकेला पत्ता लागतो, तो नाही. मतदार यादीत नाव घालायचं तर पत्ता नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण चौकशी झाली की घाबरायचं मुलाने. आणि डिपॉझिट बुडालं तर सांगायचं कुणाला? ज्याला भत्त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तोच सर्वांत स्वस्त आणि म्हणून बिनकागदी जागेत राहतो, आणि कागद नाही म्हणून भत्त्याला मुकतो. हे चक्र तोडायचं असेल तर एका खाटेसाठीही चालेल असा छोटा, छापील, सरकारी नमुन्याचा करार हवा. विद्यार्थी सुविधा केंद्राने तो नोंदवून द्यावा आणि फी सरकारने सोसावी.

डिपॉझिटलाही मर्यादा हवी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट सुचवलेलं आहे. तो कायदा राज्याने घ्यायचा की नाही यावर मतभेद असू शकतात, जुन्या भाडेकरूंच्या काळज्या खऱ्या आहेत. पण निदान विद्यार्थ्यांच्या करारांना ही मर्यादा लावायला कोणाचं काय जातं?

मालकांची भीती मी नाकारत नाही. मुलगा खोली सोडणार नाही, नुकसान करेल, असं त्यांना वाटतं. पण त्यांच्यासाठी याच कायद्यात कलम २४ आहे. मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. ते संरक्षण लेखी कराराच्या बळावर उभं आहे, तेव्हा कागद मालकालाही तितकाच उपयोगी आहे. खासगी वसतिगृह चालवणाऱ्यांची एक अडचण सरकारने दूरही केली आहे. दरमहा माणशी वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या राहण्यावर जुलै २०२४ पासून जीएसटी लागत नाही. सवलत मिळते आहे, तर पावती आणि करार द्यायला त्यांनी का कचरावं?

६. आडनाव विचारून खोली नाकारणं थांबलं पाहिजे.

फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितलं की ‘कालच गेली’ असं उत्तर येतं. दलित, मुस्लिम, आदिवासी विद्यार्थ्यांना हे पुण्यात ऐकावं लागतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘शाकाहारीच पाहिजेत’ ही अट कित्येकदा याच कामाला वापरली जाते. मग हे विद्यार्थी ठरावीक वस्त्यांत गोळा होतात, त्या वस्त्या विद्यापीठापासून लांब असल्या तर रोजचा प्रवासही त्यांच्याच माथी बसतो. जातीची किंमत अशी बसच्या तिकिटातही मोजावी लागते. विद्यापीठाने मालकांची नोंदणीकृत यादी करावी, यादीत येण्यासाठी भेदभाव न करण्याची लेखी हमी घ्यावी, आणि तक्रार खरी निघाली की नाव काढावं. कायदा होईल तेव्हा होईल, एवढं तर कुलगुरूंच्या सहीने होऊ शकतं.

७. स्वस्त खोली लांब असते, आणि शेवटची बस लवकर जाते.

विद्यापीठाभोवतीचं औंध, बाणेर, पाषाण हे पट्टे हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या पगारदारांच्याही सोयीचे आहेत. एका बेडरूमच्या फ्लॅटसाठी छात्रवृत्तीवर जगणारा संशोधक आणि कंपनीत काम करणारा अभियंता एकाच दारात उभे असतात. उघड आहे कोणाला मिळणार. मग विद्यार्थी बोपोडीला, नदी ओलांडून जुन्या सांगवीला, पिंपळे गुरवला, दापोडीला, नाहीतर पाषाणच्या पलीकडे सुतारवाडीकडे सरकतो. अंतर फार वाटत नाही, पण बस बदलावी लागते आणि गणेशखिंड रस्त्याच्या गर्दीत ती कधी येईल सांगता येत नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला, तेव्हापासून तिथल्या बांधकामाचा त्रास विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांनी सोसला आहे.

प्रयोगशाळेतलं काम सहाला संपत नाही. अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात, कारण खोलीवर चौघांत एक टेबलही नसतं. पीएमपीएमएलच्या ‘रातराणी’ बस मोजक्या मार्गांवर धावतात, आणि त्यांचा भर स्टेशन, स्वारगेट, कात्रज, हडपसर या बाजूंवर आहे. विद्यापीठ, पाषाणच्या संशोधन संस्था, औंध आणि सांगवी यांना जोडणारी एक बस रात्री साडेबारापर्यंत तासाला एकदा सोडावी. मुलगी साडेनऊलाच वाचन आटोपतं घेते, तिचा सोबती मात्र बाराला उठतो. दोन वर्षांत या फरकाचं काय होतं ते निकालात दिसत नाही, पण कोणी विषय अर्धवट सोडला आणि कोणी पुढे नेला यात दिसतं.

८. पास सर्वांत जास्त लागतो तेव्हाच तो मिळत नाही.

विद्यार्थी पासला महाविद्यालयाचं बोनाफाईड लागतं. ते प्रवेशाचे सगळे सोपस्कार झाल्यावर हाती येतं. पण खोल्या बघत सगळं शहर पालथं घालायची वेळ त्याच्या आधीची. त्या दिवसांत तो सामान्य प्रवासी असतो, आणि सामान्य दैनिक पास जून २०२५ मध्ये ४० वरून ७० रुपयांवर गेला. प्रवेश परीक्षेचं हॉलतिकीट किंवा प्रवेशाचं पत्र दाखवून पंधरा दिवसांचा सवलतीचा पास मिळावा, ही मागणी मोठी नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बीडची मुलगी पुण्यापर्यंत अर्ध्या तिकिटात येते आणि पीएमपीएमएलमध्ये चढली की पूर्ण तिकीट काढते. महिन्याच्या आठ तारखेला तेजस्विनी बसमधून महिलांना मोफत प्रवास आहे, पण तास रोज असतात. बस आणि मेट्रो यांचा मिळून एकच विद्यार्थी पास हवा, आणि वयाची किंवा पदवीपर्यंतची अट घालून संशोधकाला त्यातून वगळू नये. सत्तावीस वर्षांचा पीएच.डी.चा विद्यार्थीही विद्यार्थीच आहे.

हे होत नाही म्हणून मुलं जुनी दुचाकी घेतात. कर्ज काढून, कधी आईचं काहीतरी मोडून. रस्त्यावर आणखी एक गाडी वाढते, आणि नगर, लातूर, धुळ्याच्या नंबरप्लेटी बघून पुणेकर गर्दीला नावं ठेवतात.

९. मेट्रोभोवतीच्या जादा बांधकामात विद्यार्थ्यांचा वाटा ठेवा.

मेट्रो स्थानकांच्या पाचशे मीटर परिघात जादा चटई क्षेत्र निर्देशांक, चारपर्यंत, देण्याचं धोरण आहे. हेतू असा की स्थानकाजवळ जास्त माणसं राहावीत आणि गाड्या कमी व्हाव्यात. मग तिथे कोण राहतं हे महत्त्वाचं ठरतं. चार गाड्यांचं पार्किंग असलेल्या फ्लॅटमधले लोक मेट्रोने जातील याची खात्री नाही, विद्यार्थ्याची आहे. हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मार्गिका विद्यापीठाच्या दारावरून जाते. तिच्या आणि आधीच्या दोन मार्गिकांच्या स्थानकांजवळ जादा निर्देशांक घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पात काही मजले माफक दराच्या विद्यार्थी निवासासाठी राखून ठेवण्याची अट घातली पाहिजे. नवी जमीन घ्यावी लागत नाही, आणि राहणं व फिरणं हे दोन्ही प्रश्न एकाच जागी सुटतात. वसतिगृह शहराबाहेर स्वस्त जागेत बांधून उद्घाटन करण्यापेक्षा हे मला कितीतरी पटीने योग्य वाटतं.

१०. सोसायटीच्या सभासदांसाठी.

‘बॅचलर नको’ असा ठराव पुण्यातल्या अनेक गृहनिर्माण संस्थांनी केलेला आहे. उपविधी वाचले तर दिसेल की सदनिका लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी संस्थेच्या पूर्वपरवानगीची गरज नाही. आठ दिवस आधी कळवणं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं पुरेसं आहे. बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. गोंगाट, पार्किंग, कचरा यांचे नियम सगळ्या रहिवाशांना सारखे लावता येतात, लावावेतही. पण माणूस अविवाहित आहे, विद्यार्थी आहे एवढ्यावरून त्याला फाटकाशी अडवण्याचा अधिकार व्यवस्थापक समितीला कुठून आला? वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. तुमच्या संस्थेत असा ठराव असेल तर तो रद्द करण्याचा विषय सभेची नोटीस निघण्याआधी सचिवांना लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेला जाताना शेजारच्या एका सभासदाला अनुमोदनासाठी सोबत न्या.